एका कार्डाचे अनेक वाटेकरी: लिनक्स ड्रायव्हरला एसआर-आयओव्हीची जोड कशी द्यावी

पीसीआय एक्सप्रेस कार्डाचा ड्रायव्हर प्रत्यक्ष यंत्रावर नीट चालू लागला की लवकरच पुढची मागणी येते: हेच कार्ड एका सर्व्हरवरील अनेक आभासी यंत्रांना, वेग न गमावता, वापरता आले पाहिजे. एसआर-आयओव्ही, म्हणजे एकच कार्ड अनेक स्वतंत्र उपकरणांसारखे वाटून देण्याची हार्डवेअरमधील सोय, ही मागणी पुरवते. हिंजवडी, बाणेर, खराडी येथील ज्या कार्यालयांत नेटवर्कच्या किंवा साठवणुकीच्या उपकरणांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर लिहिले जातात, तेथे हे काम पुष्कळदा नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याकडे येते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडताना कर्नल मॉड्यूल, इंटरप्ट आणि डीएमए (उपकरणाने प्रोसेसरविना थेट मेमरी वाचणे-लिहिणे) यांची ओळख झालेली असते, पण एकाच उपकरणाचे अनेक वापरकर्ते असताना ड्रायव्हरने कसे वागावे, हे कोणी शिकवलेले नसते. हा लेख अशा अभियंत्यासाठी आहे. उदाहरणे नेटवर्क कार्डाची घेतली असली तरी बहुतेक भाग इतर उपकरणांनाही लागू पडतो. फंक्शनांची आणि फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. कर्नलच्या स्रोतात ती याच उच्चाराने, अधोरेषांनी जोडलेली सापडतील.

या कामाची अवघड बाजू आधीच सांगतो. हार्डवेअरला वाटे पाडण्याचा आदेश देणारी ओळ एकच असते आणि ती पहिल्याच दिवशी चालते. आजवर ड्रायव्हर हा कार्डाचा एकमेव वापरकर्ता होता; या बदलानंतर तो व्यवस्थापक होतो, आणि ज्यांना तो वाटा देतो त्यांच्यावर त्याला विश्वास ठेवता येत नाही, कारण त्या वाट्याच्या पलीकडे परक्या माणसाने चालवलेले, कदाचित मुद्दाम बिघडवलेले कर्नल असू शकते. त्यामुळे या कामातला बहुतेक वेळ वाटे देण्यात जात नाही; तो वाटे परत घेण्यात आणि प्रत्येक मागणी संशयाने तपासण्यात जातो.

थोडी पार्श्वभूमी

आभासी यंत्राला उपकरण देण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पहिलीत होस्टवरील (आभासी यंत्रे चालवणाऱ्या मूळ यंत्रावरील) प्रोग्राम एखाद्या जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल करतो. गेस्टने (आभासी यंत्राने) रजिस्टरला हात लावला की नियंत्रण होस्टकडे येते, म्हणून ही पद्धत मंद असते. दुसरी व्हर्टआयओची, ज्यात आपण आभासी आहोत हे गेस्टच्या ड्रायव्हरला ठाऊक असते आणि तो होस्टशी सामायिक रांगांतून बोलतो. तिसरीत हार्डवेअरचा भाग थेट गेस्टच्या हाती जातो. प्रोसेसरमध्येच आभासीकरणाला आधार देणारे इंटेलचे व्हीटी-एक्स २००५ मध्ये आणि एएमडीचे एएमडी-व्ही २००६ मध्ये आले, तेव्हा प्रोसेसरचा प्रश्न सुटला, पण उपकरण स्वतः डीएमएने मेमरी वाचते-लिहिते आणि त्याला प्रोसेसरची बंधने लागू होत नाहीत. त्यासाठी उपकरणांच्या डीएमएला ठरलेल्या मेमरीपुरते रोखणारा आयओएमएमयू हवा, म्हणजे इंटेलकडे व्हीटी-डी, एएमडीकडे एएमडी-व्हीआय आणि आर्मकडे एसएमएमयू. पीसीआय-एसआयजी या संस्थेने २००७ मध्ये एसआर-आयओव्हीचे पहिले मानक प्रसिद्ध केले आणि २००९ च्या लिनक्स २.६.३० मध्ये त्याचा पाया कर्नलमध्ये आला.

एसआर-आयओव्हीमध्ये कार्डाचे एक मूळ फंक्शन असते, ज्याला पीएफ म्हणतात, आणि त्याच्यातून अनेक हलकी फंक्शने निघतात, ज्यांना व्हीएफ म्हणतात. प्रत्येक व्हीएफला स्वतःच्या रांगा, स्वतःचे एमएसआय-एक्स (मेमरीवर लेखन करून पाठवले जाणारे) इंटरप्ट आणि बसवरील स्वतःचा ओळखक्रमांक असतो. आयओएमएमयू याच क्रमांकावरून कोणाचा डीएमए कोणत्या मेमरीत जाऊ द्यायचा हे ठरवतो. सोसायटीच्या गच्चीवरील एकाच टाकीतून प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र नळ जावा आणि मुख्य व्हॉल्व मात्र सचिवाच्या हाती असावा, तशी ही रचना आहे. लिंकचा वेग, पत्त्यांचे गाळण नियम, कार्डाचा रीसेट हे सारे पीएफच्या ड्रायव्हरकडेच राहते.

ही क्षमता सिलिकॉनमध्ये असावी लागते. ड्रायव्हर ती नव्याने निर्माण करू शकत नाही. 'एलएसपीसीआय' आज्ञेच्या तपशीलवार उत्तरात एसआर-आयओव्ही ही कॅपॅबिलिटी दिसते का, ते प्रथम पाहावे. विस्तारित कॉन्फिगरेशन क्षेत्रात तिचा क्रमांक हेक्स १० आहे. ती नसेल तर व्हर्टआयओचा किंवा मध्यस्थ ड्रायव्हरचा मार्ग धरावा आणि हा लेख बाजूला ठेवावा.

यंत्राची तयारी

सर्व्हरच्या बायोसमध्ये तीन गोष्टी चालू असाव्यात: प्रोसेसरचे आभासीकरण, आयओएमएमयू आणि एसआर-आयओव्ही. चौथी गोष्ट अनेकदा विसरली जाते. ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर उपकरणांची मेमरी मांडण्याची परवानगीही द्यावी लागते, कारण व्हीएफच्या बारचा (त्याच्या रजिस्टरांसाठी लागणाऱ्या पत्त्यांच्या पट्ट्याचा) आकार पीएफच्या कॅपॅबिलिटीत एकदाच लिहिलेला असला तरी प्रत्यक्ष जागा त्या आकाराला व्हीएफच्या संख्येने गुणून लागते. जागा कमी पडली तर कर्नल नोंदींत एसआर-आयओव्हीसाठी पुरेशी एमएमआयओ साधने (उपकरणांसाठीची पत्त्यांची जागा) नाहीत असे सांगतो आणि वाटे पाडायला नकार देतो. बायोस बदलता येत नसेल तर कर्नलच्या आरंभ-ओळीत 'पीसीआय=रीअलॉक' देऊन पाहावे. इंटेलच्या यंत्रावर 'इंटेल_आयओएमएमयू=ऑन' हेही स्पष्ट लिहिलेले बरे.

असे यंत्र हाताशी नसेल तरी काम अडत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे इलेक्ट्रॉनिक भाग मिळत असले तरी सर्व्हरचे एसआर-आयओव्ही कार्ड मिळेल असे धरून चालू नये, आणि सुदैवाने त्याची गरजही राहिलेली नाही. आभासी यंत्रे चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रामच्या २०२३ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीपासून त्यात इंटेलच्या ८२५७६ या नेटवर्क कार्डाची नक्कल 'आयजीबी' नावाने मिळते, आणि ती व्हीएफसह चालते. क्यू३५ प्रकारचे आभासी यंत्र, त्यात नकली इंटेल आयओएमएमयू आणि हे आयजीबी कार्ड अशी मांडणी केली की साध्या लॅपटॉपवर वाटे पाडणे, ते आतल्या गेस्टला देणे आणि परत घेणे हा सारा प्रवाह अनुभवता येतो. स्वतःच्या ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी कर्नलमधील आयजीबी आणि आयजीबीव्हीएफ हे दोन्ही ड्रायव्हर या मांडणीवर चालवून त्यांचा स्रोत ओळीने वाचावा, असा माझा आग्रह आहे. ते जुने आहेत, आटोपशीर आहेत आणि त्यांत पुढचे बहुतेक प्रश्न भेटतात.

घरून काम करताना प्रत्यक्ष कार्ड कार्यालयातील प्रयोगशाळेत असेल, तर त्या यंत्राचा सीरियल कन्सोल आणि दूरस्थ वीज-नियंत्रण आधी मिळवून ठेवावे. या कामात होस्ट गोठतो. घरातील यंत्रावर रात्रभराची चाचणी लावणार असाल तर गुरुवार टाळावा, कारण पुण्यात वीज-दुरुस्तीची कामे बहुधा त्याच दिवशी काढतात.

विद्यमान ड्रायव्हर आधी स्वच्छ करावा

नवे काही जोडण्यापूर्वी आयओएमएमयू चालू ठेवून जुना ड्रायव्हर आहे तसा चालवावा. कुठे तरी भौतिक पत्ता थेट हार्डवेअरला दिलेला असेल, डीएमएची जोडणी सोडवल्यानंतरही कार्ड त्या पत्त्यावर लिहीत असेल किंवा दिशा चुकीची दिली असेल, तर आयओएमएमयू नसताना हे सारे झाकलेले राहते. तो चालू होताच नोंदींत डीएमएआरच्या (इंटेलच्या आयओएमएमयूने पकडलेल्या) चुका दिसू लागतात. त्या सर्व मिटल्याशिवाय पुढे जाऊ नये. कर्नलची डीएमए तपासणीची सोय या टप्प्यावर चालू ठेवावी.

दुसरी स्वच्छता रचनेची आहे. ड्रायव्हरने कार्डाच्या सर्व रांगा आणि सर्व इंटरप्ट आपल्याच म्हणून धरलेले असतात. आता किती रांगा पीएफसाठी राखायच्या आणि किती व्हीएफसाठी सोडायच्या, हा हिशेब एका जागी आणावा. ८२५७६ मध्ये १६ रांगांचे ८ गट पडतात. म्हणूनच लिनक्सचा ड्रायव्हर त्या कार्डावर ७ च व्हीएफ देतो आणि उरलेला गट पीएफसाठी ठेवतो. आपल्या कार्डातही अशी मर्यादा असेल, तर 'प्रोब'मध्येच (उपकरण सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचे जे फंक्शन बोलावतो त्यात) 'पीसीआय_एसआरआयओव्ही_सेट_टोटलव्हीएफएस' बोलावून ती कर्नलला कळवावी, म्हणजे जादा मागणी आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच नाकारली जाते.

वाटे पाडणे

पूर्वी व्हीएफची संख्या मॉड्यूलच्या पॅरामीटरमधून द्यावी लागे. २०१३ च्या लिनक्स ३.८ पासून सिसएफएसमध्ये (कर्नलची सेटिंगे फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या व्यवस्थेत) 'एसआरआयओव्ही_नमव्हीएफएस' ही फाइल मिळते. प्रशासक तिच्यात संख्या लिहितो आणि कर्नल ड्रायव्हरचे 'एसआरआयओव्ही_कॉन्फिगर' हे फंक्शन बोलावतो. नव्या ड्रायव्हरने जुने पॅरामीटर आणूच नये. यशस्वी झाल्यास चालू केलेल्या व्हीएफची संख्या परत द्यावी, शून्य मागितल्यास सर्व बंद करून शून्य द्यावे, आणि अपयश आल्यास ऋण त्रुटीक्रमांक द्यावा. मागणीपेक्षा कमी संख्या परत देता येते, कर्नल फक्त इशारा नोंदवतो. माझ्या मते तसे करू नये. वरच्या थरातील स्क्रिप्ट मागितलेल्या संख्येवर विसंबून असते, म्हणून जमत नसेल तर स्पष्ट नकार देणे प्रामाणिक ठरते. ४ व्हीएफ चालू असताना थेट ६ लिहिले तर कर्नल स्वतःच नकार देतो; आधी शून्य लिहावे लागते, त्यामुळे चालू संख्या वाढवण्याची सोय ड्रायव्हरने करण्याचे कारण नाही.

पीएफच्या ड्रायव्हरला व्हीएफसाठी काहीच करावे लागत नसेल, तर कर्नलचे तयार 'पीसीआय_एसआरआयओव्ही_कॉन्फिगर_सिंपल' हे फंक्शन जोडले की काम संपते. एनव्हीएमई ड्रायव्हर तेच करतो. नेटवर्क कार्डाचे नशीब इतके सोपे नसते, आणि तेथे क्रमाला फार महत्त्व आहे.

'पीसीआय_एनेबल_एसआरआयओव्ही' हे फंक्शन हार्डवेअरमधील बिट लावते, १०० मिलिसेकंद थांबते, प्रत्येक व्हीएफसाठी कर्नलमध्ये उपकरण निर्माण करते आणि, होस्टवर व्हीएफचा ड्रायव्हर हजर असेल तर, त्याचा 'प्रोब'ही तेथल्या तेथे चालवते. म्हणजे हे फंक्शन परत येण्याआधीच पहिल्या व्हीएफचा पहिला निरोप, म्हणजे पीएफकडे केलेली मागणी, पीएफच्या दारात उभा असू शकतो. म्हणून प्रत्येक व्हीएफच्या स्थितीची नोंद ठेवणारी मेमरी, तिची सुरुवातीची मूल्ये, निरोपांचा इंटरप्ट आणि रांगांची फेरवाटणी हे सर्व या फंक्शनच्या आधी पुरे झालेले असावे. मागून केले तर बहुतेक वेळा चालते, आणि म्हणूनच ती चूक चाचणीतून निसटते.

याच जागी कुलुपांची अडचण होते. समजा 'एसआरआयओव्ही_कॉन्फिगर'मध्ये आपण ड्रायव्हरचे मुख्य म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप) धरले आणि निरोप हाताळणाऱ्या कार्यालाही तेच म्युटेक्स लागते. व्हीएफचा 'प्रोब' पीएफच्या उत्तराची वाट पाहील, पीएफचे कार्य म्युटेक्सची वाट पाहील, आणि म्युटेक्स धरणारा धागा व्हीएफचा 'प्रोब' संपण्याची वाट पाहील. व्हीएफची मुदत संपेपर्यंत सारे गोठते आणि मग तो अपयशी ठरतो. कर्नलचा कुलूप-तपासक ही साखळी नेहमी पकडू शकत नाही, कारण तिच्यातील एक कडी हार्डवेअरमधून जाते. म्हणून निरोपांसाठी वेगळे, लहान कुलूप ठेवावे आणि वाटे पाडताना ते हाती नसावे. कर्नल या फंक्शनभोवती उपकरणाचे स्वतःचे कुलूप धरतो, त्यामुळे 'रिमूव्ह' आणि 'एसआरआयओव्ही_कॉन्फिगर' एकाच वेळी चालणार नाहीत, एवढी खात्री फुकट मिळते. आपल्या रीसेटच्या वर्कक्यूला (मागाहून करायच्या कामांच्या रांगेला) मात्र ती खात्री लागू नाही.

निरोपपेटी

व्हीएफला स्वतःचा मॅक पत्ता, व्हीलॅन किंवा मल्टिकास्टचे नियम परस्पर लावता येत नाहीत. तो पीएफकडे मागणी करतो. बहुतेक कार्डांत यासाठी प्रत्येक व्हीएफमागे एक लहानशी सामायिक मेमरी असते. ८२५७६ मध्ये ती ३२ बिटांच्या १६ शब्दांची आहे. या पेटीतून येणारा प्रत्येक निरोप गेस्टच्या ताब्यातील कर्नलने लिहिलेला आहे, आणि तो वाचणारा कोड होस्टच्या कर्नलच्या पूर्ण अधिकाराने चालतो. ड्रायव्हरमधील ही सर्वांत धोक्याची सीमा आहे, म्हणून येथे घाई करू नये.

निरोप पाठवणारा व्हीएफ कोणता, हे हार्डवेअरने सांगितलेल्या पेटीवरूनच ठरवावे, निरोपातील मजकुरावरून कधीही नाही. निरोप प्रथम पूर्णपणे आपल्या स्टॅकवर उतरवून घ्यावा आणि नंतर तपासावा. सामायिक मेमरीतून दोनदा वाचले तर तपासणी आणि वापर यांच्या मध्ये गेस्ट मूल्य बदलू शकतो. लांबी, रांगेचा क्रमांक, नियमांची संख्या यांपैकी काहीही अनुक्रमणिका म्हणून वापरण्यापूर्वी मर्यादेत आहे का ते पाहावे, आणि प्रोसेसरच्या अंदाजाने केलेल्या आगाऊ अंमलबजावणीचा गैरफायदा घेणाऱ्या हल्ल्यांपासून बचाव म्हणून 'अॅरे_इंडेक्स_नोस्पेक' वापरावे. मॅक पत्ता वैध आहे का, मल्टिकास्ट पत्त्यांची यादी ठरलेल्या मर्यादेत आहे का, आणि या व्हीएफने रीसेटचा पहिला निरोप पाठवून नीट ओळख करून दिली आहे का, हेही पाहावे. अनोळखी निरोपाला नकाराचे उत्तर द्यावे. गप्प राहिल्यास प्रामाणिक पण नवा गेस्ट उगाच अडकतो.

कार्डावरील गाळण नियमांची संख्या मर्यादित असते. एका व्हीएफने सर्व जागा व्यापल्या तर इतरांना काही उरत नाही, म्हणून प्रत्येकाला कोटा हवा. निरोपांचा पाऊस पाडून होस्टचा प्रोसेसर गुंतवता येतो, म्हणून निरोप इंटरप्टमध्ये न हाताळता वर्कक्यूमध्ये हाताळावेत आणि एका फेरीत एका व्हीएफचे मोजकेच निरोप घ्यावेत. चुकीच्या निरोपाबद्दल नोंद करताना दर-मर्यादित नोंदीचे फंक्शन वापरावे, नाहीतर गेस्ट होस्टच्या नोंदींची डिस्क भरून टाकू शकतो.

होस्टच्या प्रशासकाने 'आयपी लिंक' आज्ञेने एखाद्या व्हीएफचा मॅक ठरवून दिला असेल, तर गेस्टने तो बदलायचा प्रयत्न केल्यास नकार द्यावा. तो व्हीएफ विश्वासू म्हणून खास नोंदवलेला असेल तरच अपवाद करावा. यासाठी नेटडिव्हाइसच्या क्रियांमध्ये मॅक, व्हीलॅन, वेगमर्यादा, फसवणूक-तपासणी आणि विश्वास यांसाठी स्वतंत्र फंक्शने आहेत. फसवणूक-तपासणी मूळ स्थितीतच चालू असावी. आणखी एक गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते: इथरनेटच्या ८०२.३एक्स मानकातील पॉज फ्रेम व्हीएफला पाठवू दिल्या, तर स्विच संपूर्ण लिंक थांबवू शकतो आणि एका गेस्टमुळे बाकी सर्व गेस्ट खोळंबतात. कार्डाला अशा फ्रेम व्हीएफच्या रांगेतच रोखता येत असतील तर ते वाटे पाडतानाच लावून टाकावे.

रीसेट

प्रत्येक व्हीएफला फंक्शन-पातळीचा रीसेट, म्हणजे एफएलआर, असणे मानकाने बंधनकारक केले आहे. उपकरण थेट गेस्टच्या हाती देणारी कर्नलची यंत्रणा, म्हणजे व्हीएफआयओ, गेस्टला व्हीएफ देताना आणि परत घेताना तो वापरते. या रीसेटची सूचना हार्डवेअर पीएफला इंटरप्टने देते. तेव्हा पीएफने त्या व्हीएफने मागून घेतलेले सर्व नियम पुसावेत, त्याच्या रांगा बंद कराव्यात आणि त्याला पुन्हा अनोळखी समजावे. प्रशासकाने लावलेला मॅक, व्हीलॅन आणि वेगमर्यादा मात्र जशीच्या तशी ठेवावी. पुसायचे राहिले तर आधीच्या भाडेकरूची वाहतूक पुढच्या भाडेकरूच्या रांगेत येऊन पडेल. माहितीची अशी गळती कोणत्याही संथपणापेक्षा गंभीर असते.

पीएफचा स्वतःचा रीसेट वेगळाच आहे. पीएफवर एफएलआर केला तर त्याच्या कॅपॅबिलिटीतील व्हीएफ चालू ठेवणारा बिटही पुसला जातो आणि सर्व व्हीएफ बसवरून नाहीसे होतात. 'पीसीआय_रिस्टोअर_स्टेट' हा बिट आणि व्हीएफची संख्या परत लावते, पण कार्डाच्या पोटातील रांगांची वाटणी, गाळण नियम आणि निरोपांचे इंटरप्ट ड्रायव्हरलाच परत उभे करावे लागतात. रीसेटपूर्वी व्हीएफना पेटीतून सूचना द्यावी, नंतर पुन्हा चालू झाल्याचे कळवावे.

वाटे परत घेणे

माझ्या दृष्टीने ड्रायव्हरची खरी परीक्षा येथे होते. 'पीसीआय_डिसेबल_एसआरआयओव्ही' बोलावले की कर्नल एकेक व्हीएफ काढू लागतो, आणि होस्टवरील व्हीएफचा ड्रायव्हर जाता जाता पीएफला शेवटचे निरोप पाठवतो. म्हणून ते फंक्शन परत येईपर्यंत निरोपपेटी जिवंत ठेवावी. ते परत आल्यावर निरोपांचा इंटरप्ट बंद करावा, वर्कक्यूमधील काम 'कॅन्सल_वर्क_सिंक'ने संपवावे आणि मगच व्हीएफच्या नोंदींची मेमरी सोडावी. क्रम उलटला तर सोडलेल्या मेमरीत निरोप हाताळला जातो. आयजीबीमध्ये नेमक्या या दोन कामांच्या स्पर्धेसाठी २०२२ मध्ये एक स्पिनलॉक घालावे लागले, यावरून इतका जुना आणि इतक्या जणांनी वाचलेला कोडही येथे कसा घसरतो ते कळते.

गेस्ट व्हीएफ वापरत असताना वाटे परत मागितले तर काय होते, हेही आधी ठरवावे. 'पीसीआय_व्हीएफएस_असाइन्ड' हे फंक्शन जुन्या पद्धतीने दिलेले व्हीएफ मोजते, पण व्हीएफआयओ ती खूण लावत नाही, म्हणून त्याचे शून्य उत्तर मिळाले तरी कोणी वापरत नाही असे समजू नये. व्हीएफआयओच्या बाबतीत काढण्याची क्रिया क्यूईएमयूने उपकरण सोडेपर्यंत थांबून राहते; अशा वेळी आपल्या ड्रायव्हरने कोणतेही सामायिक कुलूप धरलेले असेल तर पीएफचे नेटवर्कही त्याबरोबर गोठेल.

काही ड्रायव्हर व्हीएफ वापरात असतील तर ते तसेच सोडून स्वतः बाहेर पडतात, आणि कर्नल त्याबद्दल इशारा नोंदवतो. हा मार्ग मी सुचवत नाही, पण दुसऱ्या कोणी तो वापरलेला असू शकतो. म्हणून 'प्रोब'मध्ये 'पीसीआय_नम_व्हीएफ' पाहावे, आणि आधीचे व्हीएफ सापडले तर त्यांची नोंद नव्याने उभी करावी किंवा स्पष्ट नकार द्यावा.

व्हीएफचा ड्रायव्हर

तो स्वतंत्र लिहावा की पीएफच्याच ड्रायव्हरमध्ये सामावावा, हा आवडीचा प्रश्न आहे. एकत्र असेल तर 'इज_व्हर्टएफएन' या खुणेवरून दोन्ही ओळखता येतात. व्हीएफला जुन्या पद्धतीचा आयएनटीएक्स इंटरप्ट नसतो, म्हणून एमएसआय-एक्स मिळाला नाही तर माघार घ्यावी. होस्ट आणि गेस्ट यांच्या कर्नलच्या आवृत्त्या वेगळ्या असणार हे गृहीत धरून पहिल्याच निरोपात निरोपांच्या भाषेची आवृत्ती ठरवून घ्यावी. ही सोय पहिल्या प्रकाशनात नसेल तर नंतर घालणे फार जड जाते. प्रत्येक निरोपाला मुदत असावी, आणि रजिस्टरमधून सर्व बिट एक असलेले मूल्य आले तर उपकरण बसवरून गेले असे समजून शांतपणे थांबावे.

चाचणी

'एसआरआयओव्ही_ड्रायव्हर्स_ऑटोप्रोब' या फाइलीत शून्य लिहिले की होस्टचा व्हीएफ ड्रायव्हर आपोआप चिकटत नाही. मग 'एसआरआयओव्ही_नमव्हीएफएस'मध्ये २ लिहावे, नव्या व्हीएफच्या 'ड्रायव्हर_ओव्हरराइड'मध्ये व्हीएफआयओ-पीसीआय हे नाव घालावे, ते बांधावे आणि क्यूईएमयूला द्यावे. त्याआधी कर्नलच्या आयओएमएमयू गटांची निर्देशिका पाहावी. एका गटात अनेक उपकरणे असतील तर ती वेगवेगळ्या गेस्टना देता येत नाहीत, आणि याचे कारण बहुधा वरच्या पुलात एसीएस (उपकरणांची आपसांतील थेट वाहतूक रोखणारी सोय) नसणे हे असते. ड्रायव्हर बदलून ते सुटत नाही.

एवढे चालले की वाहतूक मोजण्याचा मोह होतो, पण वेग शेवटी पाहावा. मेमरीचा गैरवापर, कुलुपांच्या चुका आणि मेमरीची गळती पकडणारे अनुक्रमे केएएसएएन, लॉकडेप आणि केमेमलीक चालू असलेले कर्नल घ्यावे. वाहतूक चालू असताना क्यूईएमयूची प्रक्रिया सक्तीने मारावी, गेस्ट पुन्हा पुन्हा सुरू करावा, पीएफचा रीसेट करावा, व्हीएफ चालू असताना पीएफचा ड्रायव्हर काढण्याचा प्रयत्न करावा, आणि वाटे पाडणे व परत घेणे रात्रभर चक्रात चालवावे. गेस्टमध्ये मुद्दाम बिघडवलेला व्हीएफ ड्रायव्हर चालवून निरोपपेटीत यादृच्छिक शब्द लिहावेत. होस्टच्या नोंदींत दर-मर्यादित इशाऱ्यांपलीकडे काहीही दिसता कामा नये. ही शेवटची चाचणी लिहायला अर्धा दिवस लागत असला तरी ती कधीही वगळू नये.

स्थलांतराविषयी

व्हीएफ थेट दिलेल्या गेस्टची सारी मेमरी होस्टमध्ये जखडून ठेवावी लागते आणि व्हीएफची स्थिती सिलिकॉनच्या आत असते, म्हणून असा गेस्ट चालता चालता दुसऱ्या सर्व्हरवर नेणे अवघड जाते. २०२२ च्या लिनक्स ५.१८ मध्ये व्हीएफआयओच्या स्थलांतराची नवी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत मेलानॉक्सच्या एमएलएक्स५ कार्डांसाठी खास व्हीएफआयओ ड्रायव्हर आला. तो पीएफच्या ड्रायव्हरमार्फत व्हीएफला थांबवतो, त्याची स्थिती वाचतो आणि पलीकडे परत लिहितो. आपल्या कार्डाच्या फर्मवेअरला स्थिती अशी काढून देता येत असेल तरच हा रस्ता खुला आहे. नसेल तर गेस्टमध्ये व्हीएफसोबत त्याच मॅक पत्त्याचे एक व्हर्टआयओ कार्ड स्टँडबाय खुणेसह द्यावे. मग 'नेट_फेलओव्हर' त्या दोघांना एका नावाखाली बांधतो, स्थलांतरापूर्वी व्हीएफ काढून घेतला जातो, तेवढा वेळ वाहतूक व्हर्टआयओवरून चालते आणि नव्या सर्व्हरवर पोहोचल्यावर तेथील व्हीएफ पुन्हा जोडला जातो.